गच्चीवरचा पाऊस, टेकडीवरचा पाऊस

वन्सं माणसाशी बोलायच्या आणि बघायच्या त्याच्या डोक्यावरून. नव्या माणसाला वाटायचं, काय शिष्ट बाई आहे. शिष्ट कसल्या गं, त्या माणसाच्या मागे छपरावर ढग चढत असायचा, सगळी नजर तिकडे. वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. तुझी आत्तेआजी. तू पाहिली नाहीस म्हणून तर सांगत बसलेय. आणि बोलते तसंच लिही, उगाच शहाणपणा करून नीटनेटकं करू नकोस.

आमची लॉन्ड्री होती. खाली दुकान, मागे धुण्याची खोली, तिथे दिवसभर वाफ कोंडलेली, आणि वर गच्ची. गच्चीभर दोऱ्या. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलातली टेबलावरची कापडं, वसतिगृहाचे अभ्रे, सगळं तिथे वाळायचं. तुझे आजोबा इस्त्रीला, मी धुण्याला आणि गिऱ्हाइकाला, आणि गच्ची वन्संची. त्यांचं लग्नाचं का जमलं नाही ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पण गच्चीवर त्या राणी होत्या. खिशात सदा लाकडी चिमटे खुळखुळायचे. अंधारातसुद्धा कळायचं की वन्सं जिन्यात आहेत.

लॉन्ड्रीवाल्याला आभाळ कळावंच लागतं. चादर भिजली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. पण वन्संना त्याच्यापुढे जाऊन नादच लागला होता. बोलायच्यासुद्धा आमच्या धंद्याच्या भाषेत. "आज आभाळाला नीळ जास्त झालीय," म्हणायच्या. नाहीतर, "हे ढग नुसता फेस आहेत, यात पाणी नाही." गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, "बाई, छत्री घेऊ का?" या म्हणायच्या, "घ्या की. छत्री काय खायला मागते का?" पडेलच असं त्यांनी छातीठोकपणे कधी सांगितलं नाही. समोरचा पाववाला मात्र रोज सांगायचा. त्याचा गुडघा दुखला की म्हणे पाऊस नक्की. वन्सं त्याला म्हणाल्या, "तुमचा गुडघा पावसात दुखतो हे खरं, पण तो उन्हातही दुखतो. त्याच्यावर मी चादरी कशा टांगू?"

तुझे आजोबा चिडवायचे. "घरात अख्खं हवामानखातं आहे, तरी माझाच शर्ट ओला." वन्सं म्हणायच्या, "मग काढायला वर यावं. शर्ट चालत खाली येत नाही."

तर असं असताना हवामान कचेरीनं आमच्या गच्चीवर पावसाचं भांडं ठेवलं. त्यांना मोकळी जागा हवी होती आणि रोज सकाळी घरात सापडणारं माणूस हवं होतं. वन्सं कुठे जातात? पितळी भांडं, वर नरसाळं, आत बाटली. सकाळी बाटलीतलं पाणी रेघा मारलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं, किती भरलं ते बघायचं आणि दुकानातल्या फोनवरून कचेरीला आकडा सांगायचा. बस, एवढंच काम. पगार नाही, काही नाही. पण वन्सं त्यासाठी हात साबणानं धुऊन, केस विंचरून वर जायच्या. मी म्हटलं, "पावसाला काय दिसणारे तुम्ही कशा आहात ते?" तर म्हणाल्या, "मला दिसतं ना."

आणि त्या भांड्यापायी टाकीवाले आमच्या घरात आले. म्हणजे आले नाहीत, त्यांचा आवाज आला. गावामागच्या टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती, तिची राखण करणारे एक गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांच्याकडेही असंच एक भांडं. कचेरीतल्या साहेबांनीच दोघांना एकमेकांचा नंबर दिला की आकड्यात काही फरक पडला तर बोलून घ्या. फरक पडो न पडो, यांचं बोलणं रोज सुरू झालं. वादळवारा यायचा तो टेकडीमागूनच, आणि मध्ये उंच इमारती झाल्यापासून आम्हाला टेकडी दिसेना. मग टाकीवाले फोन करायचे. "लॉन्ड्रीबाई, मागनं काळं येतंय." की वन्सं दोन-दोन पायऱ्या चढून गच्चीवर. त्यांच्यामुळे आमच्या किती चादरी वाचल्या त्याला गणती नाही.

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं नुसतं फोनवर. आणि बोलायचे काय, तर वारा कुठला, दव किती पडलं, चंद्राला खळं होतं का. मी इस्त्रीच्या टेबलामागून कान देऊन ऐकायचे, म्हटलं कधीतरी दुसरं काही निघेल. छे. एकदा मात्र वन्सं फोन ठेवून तिथेच रेंगाळल्या. विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना नवा चष्मा लागलाय. जाड भिंगाचा. कोणाला सांगू नका म्हणाले, कचेरीला कळलं तर भांडं काढून नेतील." त्या भांड्याशिवाय त्या माणसाला टेकडीवर होतं काय गं? टाकी आणि कावळे.

आता मुख्य गोष्ट. एका रात्री वाऱ्यासकट खूप पाऊस झाला. पत्र्यावर असा वाजत होता की तुझे आजोबा उठून दोनदा खिडक्या बघून आले. सकाळी वन्सं नेहमीसारख्या केस विंचरून वर गेल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "फार काही नाही. आवाजच जास्त."

तुझे आजोबा म्हणाले, "ताई, रात्रभर कोसळत होता."

"पत्र्यावर चार थेंब पडले तरी ढोल वाजतो. मी मोजलंय, तू ऐकलंयस. खरं कोणाचं?"

त्यांनी कचेरीला आकडा सांगितला. थोड्या वेळानं साहेबांचा उलट फोन. टाकीवाल्यांचा आकडा यांच्या चौपट निघाला होता. साहेब म्हणाले, दोघांपैकी एकाचं काहीतरी चुकतंय, तुम्ही परत एकदा बघितलंत ना? वन्संना तो प्रश्न झोंबला. त्यांच्या आकड्यावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणि माणूस रागाच्या भरात बोलून जातो बघ, तशा बोलून गेल्या, "मला चांगलं दिसतं. त्यांना विचारा. त्यांना हल्ली कमी दिसतं."

फोन ठेवला आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पण बाण सुटला होता.

साहेबांनी आपलं काम केलं. टाकीवाल्यांना सांगितलं की तुमच्या डोळ्यांबद्दल कळलंय, तुमचा आकडा आम्ही बाजूला ठेवलाय, महिनाअखेरीस माणूस येऊन बघेल आणि मग तुमचं भांडं ठेवायचं की न्यायचं ते ठरेल. हे आम्हाला कळलं ते साहेबांकडूनच. टाकीवाल्यांनी काही सांगितलं नाही. त्यांचा फोन येणंच बंद झालं.

रोजच्या वेळेला वन्सं फोनजवळ घुटमळायच्या. उगीच फडक्यानं पुसायच्या. मी म्हटलं, "तुम्ही करा की." तर म्हणाल्या, "मी का करू? माझा आकडा बरोबर होता." बरोबर होता म्हणत होत्या, पण जेवण जात नव्हतं. त्या दिवसांत दोनदा आमचा माल भिजला, आयत्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं ना. हॉटेलवाला म्हणाला, "काय हो, तुमच्या घरच्या हवामानखात्याला सुट्टी आहे का?" तुझे आजोबा हसले नाहीत. मीही नाही.

मग एका सकाळी आम्ही दोघी वर कपडे टांगत होतो. वारा होता. टोकाच्या दोरीवरची चादर एका चिमट्यातून सुटली, दुसऱ्यावर लोंबकळली, फडफडली आणि जाऊन पावसाच्या भांड्यावर पडली. पडली म्हणजे कशी, अगदी टोपी घातल्यासारखी बसली. मी काढायला निघाले तर वन्संनी माझा दंड धरला.

"थांब. काढू नकोस."

"अहो मळेल."

"मळू दे." त्या चादरीकडे टक लावून बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या पावसाच्या दिवशी सकाळी मी खाली येताना माझ्या हातात काय होतं?"

मला आठवायला वेळ लागला नाही. "चादर. दमट राहिली म्हणून तुम्ही आदल्या दिवशी दोरीवरच ठेवली होती ना. नुसतं पाणी निथळत होतं, तुम्ही मोरीत पिळलीत."

"ती मी कुठून काढली?"

आता ते मला काय माहीत? पण त्यांना माहीत झालं होतं. सबंध आयुष्य चादरी उचलण्यात गेलेलं. तुला चालताना पाय उचलल्याचं कळतं का? तसं. भांड्यावर चादर होती, हातानं ती उचलली, काखेत घातली, आणि डोळ्यांनी सरळ बाटली बघितली. पाऊस सगळा चादरीवरून बाहेर ओघळला होता, आत झिरपलं तेवढंच यांनी मोजलं. हवामानखात्यातला दुसरा कोणी असता ना, तर भांड्यावरची चादर बघून बोंब मारली असती. लॉन्ड्रीवालीला ती दिसलीच नाही.

वन्सं कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "मी त्या माणसाचं भांडं घालवणार."

वाटलं, आता खाली जाऊन फोन करतील. पण नाही गं. चूक कळणं वेगळं आणि ती तोंडातून काढणं वेगळं. आज करते, उद्या करते. अभ्रे झाले की करते. खळ करून झाली की करते. महिना संपत आला. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या खळीला गुठळ्या व्हायला लागल्या." त्या खळ घोटत राहिल्या.

अशात तो दिवस आला. सकाळपासून हवा अशी कोंदट की अंगाला कपडा चिकटत होता. गच्ची गच्च भरलेली, दवाखान्याचा सगळा माल वर. दुपारी मी दुकानात बसले होते, फोन वाजला. घेतला. तिकडून टाकीवाले. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

"लॉन्ड्रीबाईंना सांगा, टेकडीमागनं काळी भिंत उभी राहिलीय. वारा फिरलाय, एकदम बर्फासारखा गार. आत्ताच्या आत्ता चादरी काढा." आणि ठेवला.

मी जिन्यातून ओरडत वर गेले. आमच्या डोक्यावर अजून ऊन होतं, बरं का. पाववाला खालून म्हणाला, "गुडघा तर काही बोलत नाहीये." पण वन्संनी एक शब्द विचारला नाही. चिमटे ओरबाडून काढायला लागल्या. तुझे आजोबा इस्त्री तशीच सोडून आले, पाववाला आला, शेजारचा न्हावी आला, त्याच्यामागे अर्ध्या दाढीला साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईक आलं. सगळ्यांनी कवेत मावेल तेवढं घेतलं. शेवटचा ढीग जिन्यात आला आणि वरचं दार वाऱ्यानं असं आपटलं की कडी वाकली. मग काय तो पाऊस. समोरचं दुकान दिसेना. दोऱ्या तुटल्या. पाववाल्याची पाटी उडून न्हाव्याच्या दारात पडली. आणि तासाभरात गारठा असा पडला की दुपारी घामानं निथळणारी माणसं संध्याकाळी तोंडातून वाफा काढत होती. दवाखान्यातून निरोप, चादरी, पांघरुणं असतील तेवढी लगेच पाठवा, वॉर्डात माणसं कुडकुडतायत. आमच्याकडे होत्या. कोरड्या.

तुझे आजोबा शेवटचा गठ्ठा पाठवून म्हणाले, "ज्याचे डोळे गेलेत म्हणत होतो, त्याला बरी दिसली काळी भिंत." बहिणीकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाऊस मोजला, आकडा सांगितला, तुझ्या आजोबांचा जाड कोट अंगात घातला आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एकटीला जमायचं नाही." आम्ही टेकडी चढलो. वाटेत झाडं आडवी पडलेली, वारा कानात सुया टोचणारा. वन्संना धाप लागत होती, पण थांबू म्हटलं की म्हणायच्या, "थांबले तर परत फिरेन."

वर टाकीपाशी एक बुटके, गोल गृहस्थ उभे होते. स्वेटरची बटणं एकाआड एक चुकलेली, डोळ्याला बशीएवढा चष्मा. आवाजावरून मी उंच धिप्पाड माणूस धरला होता. त्यांनीही आमच्याकडे बघितलं आणि मलाच म्हणाले, "लॉन्ड्रीबाई?" मी म्हटलं, "मी नाही, या." ते वन्संकडे बघून म्हणाले, "तुम्ही बारीक आहात."

"तुम्ही नाही," वन्सं म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "तुमचा फोन कुठाय?"

खोलीत नेलं. वन्संनी त्यांच्यासमोरच कचेरीला लावला. "साहेब, मी लॉन्ड्रीवरून. म्हणजे टाकीवरून बोलतेय. त्या रात्रीचा माझा आकडा खोटा आहे. भांड्यावर चादर पडली होती, मी ती उचलली आणि मला कळलंच नाही. टाकीवाल्यांचा आकडा खरा. आणि त्यांच्या डोळ्यांबद्दल मी बोलले ते रागानं बोलले. ते मागे घेते."

साहेब बराच वेळ काही बोलत होते. वन्सं नुसत्या "हो" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "दोऱ्या काढता यायच्या नाहीत, साहेब. दोऱ्यांवर आमचं पोट आहे." परत ऐकलं. "बरं. मग न्या. पण यांचं राहू द्या."

फोन ठेवला. नियम असा होता म्हणे की भांड्याच्या जवळपास काहीच टांगलेलं नको. एक तर दोऱ्या, नाहीतर भांडं. टाकीवाल्यांचं भांडं राहिलं, वन्संचं गेलं.

मला वाटलं आता टाकीवाले काहीतरी बोलतील. राहू द्या म्हणतील, माफ केलं म्हणतील. माणूस खिडकीकडे तोंड करून उभा. मग वळून म्हणाले, "चादर सुती होती?"

"हो. दवाखान्याची."

"एकेरी की दुहेरी पडली होती?"

वन्सं म्हणाल्या, "दुहेरी असणार. मधोमध टांगलेली होती."

झालं. त्यांनी आपल्या बिछान्यावरची चादर ओढली, दुहेरी केली, बाहेर नेली आणि भांड्यावर पसरली. पेल्यानं पाणी मोजून ओतायला लागले. वन्सं खाली वाकून बघतायत, आत किती उतरलं. "जरा डावीकडून ओता, वारा टेकडीकडून होता." "अहो, इतक्या वरून नाही, पाऊस काय बादलीनं पडतो?" एवढ्या गारठ्यात दोघांचे हात लाल झाले, नाकं गळायला लागली, पण एकजण थांबेल तर शपथ. पहिल्यांदा काहीच उतरलं नाही, मग चादर भिजल्यावर थोडं थोडं. बऱ्याच वेळानं टाकीवाल्यांनी पेला उजेडात धरला, नाकाला लावला आणि म्हणाले, "चौथा हिस्सा. बघा, तुमचा आकडा तसा बरोबरच होता. चादरीखालचा."

वन्सं हसल्या. महिन्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, देवा, दोघं सारखेच वेडे आहेत.

ओली चादर वाळवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. वन्संनी ती पिळली, कुंपणाच्या तारेवर टाकली आणि खिशातले चिमटे लावले. टाकीवाले बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "तुम्ही साहेबांना बोललात ते मागे घेतलंत. पण खोटं नव्हतं ते. त्या रात्रीचा आकडा मी भिंग लावून तीनदा बघितला होता. आता भिंगानंही रेघा पुसट दिसायला लागल्यात. लांबचं चांगलं दिसतं, ढग वगैरे. पेला नाही दिसत."

सकाळी कपड्यांची पहिली खेप टांगून झाली की आपल्याला दोन तास तरी गच्चीवर काम नसतं, हे वन्संनी तिथेच सांगून टाकलं. आणि टेकडी काही फार लांब नाही, असंही म्हणाल्या. चढताना तर किती शिव्या घातल्या होत्या त्या टेकडीला.

दुसऱ्या दिवशी मीही गेले होते सोबत, म्हणून मला ठाऊक. रात्री थोडा शिडकावा झालेला. टाकीवाल्यांनी बाटली काढली, पेल्यात ओतली आणि पेला वन्संच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यासमोर धरला, आकडा सांगितला. टाकीवाल्यांनी परत बघा म्हटलं नाही. खोलीत जाऊन कचेरीला फोन लावला आणि तोच आकडा सांगितला.